कापडाखालचा आकडा

मी मोबाईलवाला. सांगोल्याच्या बसस्थानकासमोर माझं दुकान आहे, ‘ढोले मोबाईल रिपेअरिंग’. फुटलेल्या काचा बदलणं, फुगलेल्या बॅटऱ्या काढणं, पाण्यात पडलेल्या फोनमधून लोकांच्या लग्नाचे फोटो सुखरूप बाहेर काढणं, यावर माझं घर चालायचं. माझा स्वतःचा फोन इतका जुना होता की त्याची काच कितीदा बदलली ते मलाही आठवत नव्हतं. त्याच्यावर माझा जीव होता, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यामुळे कडं आलं तेव्हा त्याच्या नावानं सगळ्यात जास्त बोटं मोडली ती मी.

कड्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसेना. मनगटाला घालायची करड्या रंगाची रुंद पट्टी, म्हणून आमच्याकडं सगळे कडं म्हणायला लागले. त्याला पडदा नाही, बटण नाही, आत उघडून बघावं असंही काही नाही. कानामागं एक मणी चिकटवायचा, त्यातून ऐकायचं. आणि बोलायचं ते बोटांनी. बोटं हवेत नाचवायची नाहीत, नुसती हलवल्यासारखी करायची. पुण्यामुंबईकडं लोकांनी फोन कपाटात टाकले, मग सोलापुरात टाकले, आणि एके दिवशी माझ्याच दुकानात एक गिऱ्हाईक आलं, जुन्या फोनमधले फोटो काढून घेतले आणि फोन माझ्याकडंच ठेवून गेलं. मला तर कुणीतरी घरातलं म्हातारं माणूस दारात सोडून गेल्यासारखं वाटलं.

पण खोटं कशाला बोलू, त्यामागची करामत समजली तेव्हा मी गप्प झालो. बोट हलवायचं मनात आलं की मेंदूतून हुकूम निघतो, मणक्यातून, खांद्यावरून, हातातल्या नसांतून खाली येतो. गंमत म्हणजे बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते असतात कोपर आणि मनगटाच्या मध्ये. तिथून दोऱ्या ओढाव्यात तशी बोटं ओढली जातात. हुकूम पोचला की स्नायूत इवलीशी वीज उठते, एका व्होल्टचा लाखावा भाग म्हणा. कड्याच्या आतल्या टिकल्या ती वीज टिपतात आणि कुठलं बोट, किती जोरानं, ते ओळखतात. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून कड्याला आधी आपला हात शिकवावा लागतो.

आणि त्याचं उलटंही होतं. बोटांना स्पर्श कळवणाऱ्या नसा मनगटातूनच जातात. तिथं नेमक्या जागी हलकी टोचणी दिली की मेंदूला वाटतं, कुणीतरी आपली करंगळी दाबली. म्हणजे सांगलीतला माणूस नागपुरातल्या माणसाचं बोट दाबू शकतो. माझ्या लाडक्या फोनला हे कधी जमलं नव्हतं.

तरीही मी कडं घेतलं नसतं. घ्यावं लागलं ते आप्पांमुळं.

आप्पा म्हणजे माझे वडील, भानुदास ढोले, बैलबाजारातले दलाल. खिलार जनावर नुसतं चालताना बघून ते त्याचं वय, खोड आणि मालकाची गरज तिन्ही सांगायचे. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातात हात घालायचा, वर टॉवेल टाकायचा आणि समोरच्याची बोटं धरून आकडा सांगायचा. भोवती गर्दी असली तरी कुणाला काही कळत नाही. दलाल आधी मालकाचा हात धरतो, मग गिऱ्हाइकाचा. दोघांचे आकडे त्याच्या एकट्याच्या पोटात राहतात आणि तिथंच विरतात. उघड्यावर बोटं दाखवून भाव सांगणाऱ्याला बाजारात कुणी जवळ उभं करत नाही.

असाच एका रविवारी बाबालाल मुलाणींबरोबर सौदा चालू असताना, हात टॉवेलाखाली असताना, आप्पा कलंडले. बाबालालचाचा बैलांचे व्यापारी, आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि बाजारातले कायमचे भांडखोर. त्यांनीच आप्पांना उचलून दवाखान्यात नेलं. मेंदूच्या देठाशी रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण हातपाय गेले, जीभ गेली, गिळणं गेलं. डोळे उघडे असायचे. ‘समज किती शिल्लक आहे ते सांगता येत नाही,’ डॉक्टर म्हणाले.

आप्पांना घरी आणलं. नळीनं भरवणं, कुशीवर वळवणं, अंग पुसणं, सगळं माझी बायको शीतल आणि मी करायचो. खरं म्हणजे शीतल करायची आणि मी दुकानातून आल्यावर हातभार लावायचो.

माझी मोठी बहीण रोहिणीताई पुण्यात बँकेत आहे. ती दर आठवड्याला यायची, आप्पांच्या डोळ्यांत बघायची, हाका मारायची आणि मागच्या दारी जाऊन रडायची. शेवटी म्हणाली, “धना, मी आप्पांना पुण्याला नेते. माझ्या घराजवळ चांगलं शुश्रूषा केंद्र आहे. कायमचं तिथंच ठेवू.”

“आणि इथं काय वाईट आहे?”

“वाईट नाही रे. पण त्यांना आता कळत नाही, आपण सांगोल्यात आहोत का पुण्यात.”

या एका वाक्यानं मी पेटलो. आप्पा आत आहेत की नाहीत, एवढं मला कुणीतरी खरं खरं सांगायला हवं होतं.

सोलापूरच्या पुनर्वसन केंद्रातून ईश्वरी नावाची मुलगी आली ती त्यासाठीच. हसरी, कामाची. तिनं आप्पांच्या उजव्या मनगटावर कडं बांधलं आणि मला समजावलं, “दादा, बोट हललेलं आपल्याला दिसत नसेल, तरी स्नायूतले चार धागे जिवंत असले तर कड्याला त्यांचं ऐकू येईल. तुम्ही जोडीचं कडं घाला. काकांनी बोट दाबायचा नुसता प्रयत्न केला, तरी तुम्हाला तुमच्या बोटात जाणवेल. पण चोवीस तास घालायला लागेल. मध्ये फोन नको.”

मी फोन गल्ल्याच्या खाली कुलपात ठेवला आणि कडं चढवलं. पहिले दिवस काही विचारू नका. हात सारखा रिकाम्या खिशात जायचा. एकदा आमटीत भाकरी कुस्करत होतो, तर कड्यानं त्याचा भलताच अर्थ काढून रोहिणीताईच्या नवऱ्याला फोन लावला, आणि भाऊजींनी माझं अख्खं जेवण ऐकलं. शीतल हसून हसून लाल झाली. पण हळूहळू कडं माझा हात शिकलं आणि मी त्याच्या वळणाला लागलो. चालता चालता, मान वर ठेवून, पाठ ताठ ठेवून मी निरोप धाडायला लागलो. इतकी वर्षं खाली बघून चालल्यामुळं बसस्थानकामागं एवढं मोठं चिंचेचं झाड आहे, हेसुद्धा माझ्या ध्यानात नव्हतं.

आप्पांचं कडं मात्र गप्प होतं.

ईश्वरी त्यांचा हात उशीवर ठेवायची, वर दिवा लावायची. भोवती आम्ही सगळे, शिवाय शेजारचे चार जण. “काका, पहिलं बोट दाबा बरं. नुसतं मनात आणा.” काही नाही. “करंगळी?” काही नाही. ती रोज करून बघायची, वेगवेगळ्या पट्ट्या बांधून बघायची, आणि काहीच मिळायचं नाही. शेवटी तिनं डोळे खाली घालून सांगितलं, “मला काही सापडत नाही, दादा. सॉरी.”

ताईनं रविवारसाठी पुण्याहून गाडी ठरवली. शनिवारी घरात भावकी जमली आणि मी सगळ्यांच्या देखत उठून बोललो, “माझा बाप कुठं जाणार नाही. बाराच्या बारा महिने मी सांभाळीन. कुणाच्या उपकाराची गरज नाही.” भावकीनं माना डोलावल्या. शीतल चहाचे कप घेऊन आत निघून गेली. दुपारी भिंतीला टेकून ती बसल्या बसल्या झोपायची, ते मी बघितलेलं होतं.

लोक पांगले आणि बाबालालचाचा आले. ते गर्दीत कधी यायचे नाहीत. ईश्वरी आपली यंत्रं आवरत होती, आप्पांचं कडं तेवढं काढायचं राहिलं होतं. चाचा खाटेशेजारी बसले, आप्पांचा हात हातात घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला.

“उद्या न्हेत्यात व्हय रं तुला?” ते म्हणाले. “जा बाबा. तिकडं दाक्तर चांगलं हायती.”

आणि माझी तर्जनी कुणीतरी दाबली.

मी दचकून बघितलं. माझ्या हाताजवळ कुणी नव्हतं. मग तर्जनी आणि मधलं बोट मिळून दाबली गेली. थोडं थांबून सगळी बोटं एकदम. मग पुन्हा पहिल्यापासून तसंच. “ईश्वरी,” मी कसाबसा म्हणालो, “कडं बोलतंय.”

तिनं यंत्रावर बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

चाचांना काहीच जाणवत नव्हतं, कारण आप्पांची बोटं हलत नव्हतीच. मी माझं कडं काढून त्यांच्या मनगटावर चढवलं. बोलायचं असलं तर कड्याला हात शिकवावा लागतो, पण नुसतं ऐकायला कुणालाही येतं. चाचा डोळे मिटून बसले. त्यांचा चेहरा आधी कोरा राहिला, मग ओठ आकडे पुटपुटायला लागले.

“काय म्हणतायत चाचा?”

“भाव सांगतुया.”

“कशाचा?”

“आरं, त्या दिशीच्या बैलाचा!” चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते हसतही होते. “मी आकडा दिल्ता, आन् ह्यो पडला. जबाब द्यायचा ऱ्हायला हुता त्याचा. त्यो देतुया आता. लई कमी हाय म्हणतुया, चोर कुठला!”

मी आप्पांच्या डोळ्यांत बघितलं. तेच डोळे, जे इतके महिने मला रिकामे वाटले होते. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडलो. शीतल दारात उभी राहून रडत होती.

रडून झाल्यावर ईश्वरीनं मला जे सांगितलं त्यानं मी थक्क झालो. सांगून केलेली हालचाल आणि हाडीमांसी मुरलेल्या सवयीची हालचाल, यांचे मेंदूतले रस्ते पूर्ण एक नसतात. ‘बोट दाब’ म्हटल्यावर जो रस्ता लागतो, तो आप्पांचा जवळजवळ बंद पडला होता. ओळखीचा हात, वर कापड, समोर सौद्यातला माणूस, एवढं जुळल्यावर मात्र दुसरी एक पायवाट उघडली. “आणि आपण त्यांना दिव्याखाली, सगळ्यांसमोर, उघड्या हातानं बोलायला सांगत होतो,” ती म्हणाली.

“उघड्यावर?” चाचा म्हणाले. “मेला असता तरी बोलला नसता त्यो.”

रविवारी गाडी आली आणि ताई उतरली. मी तिला सगळं सांगितलं, तिचा विश्वास बसेना. चाचांनी तिला बाजारातल्या बोटांची भाषा थोडक्यात शिकवली, माझं कडं तिच्या हातात घातलं आणि टॉवेलाखाली हात द्यायला लावला. ताई बराच वेळ बसली. मग बाहेर आली. “धना, मी विचारलं, तुम्हाला पोरं किती? त्यांनी दोन बोटं दाबली रे.”

एवढं झाल्यावर भांडण मिटायला हवं होतं. ते वाढलं. मी म्हणालो, आता तर आप्पा इथंच राहणार. ताई म्हणाली, आता तर त्यांना चांगले उपचार मिळालेच पाहिजेत, पुण्यालाच नेणार. मी पुन्हा बारा महिने म्हणालो, ती पुन्हा कायमचं म्हणाली. आवाज चढले. गाडीवाला बिचारा ओट्यावर बसून ऐकत होता.

“गप बसा की दोघंबी!” चाचा ओरडले. “आत दलाल बसलाय आन् तुमी भाईर बोंबलताय व्हय? त्याला करू द्या की सौदा. वर्साचं म्हैनं बारा. कुणी किती सांभाळायचं, एकेकानं जाऊन त्याच्या हातात सांगा.”

आधी मी आत गेलो. खोलीत आम्ही दोघंच. माझा हात त्यांच्या हातात, वर चाचांचा टॉवेल. बारा महिन्यांचा आकडा माझ्या बोटांत तयार होता, भावकीसमोर बोललोच होतो तसा. पण कापडाखाली हात गेला आणि कुणास ठाऊक काय झालं, तो आकडा देववेना. तिथं भावकी नव्हती, मान डोलावणारं कुणी नव्हतं. मला भिंतीला टेकून झोपलेली शीतल दिसली, रिकामं दुकान दिसलं. मी खरा आकडा दिला. मला खरोखर झेपेल तेवढाच. बापाला ‘एवढेच महिने’ असं सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग माझ्या बोटांत दाब आला. त्यांनी आकडा परत सांगितला, तो माझ्यापेक्षा कमी होता.

मला वाटलं, कडं चुकलं. मी पुन्हा माझा आकडा दिला. त्यांनी पुन्हा तोच दिला, कमीचा. जन्मभर समोरच्याला चढवत चढवत नेणाऱ्या या माणसानं माझा आकडा खाली ओढला होता. इतके महिने त्या खाटेवरून त्यांनी शीतलला बघितलं होतं, मलाही बघितलं होतं. मी हरलो आणि त्यांचा आकडा कबूल केला. माझी अख्खी मूठ दाबली गेली, म्हणजे सौदा पक्का. झालं.

मग ताई गेली. ती डोळे पुसत बाहेर आली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. “तुझा किती?” तिनं विचारलं. मी मान हलवली. “तुझा?” तिनंही सांगितला नाही.

शेवटी चाचा गेले, एकेका महिन्याचं नाव घेऊन बोटांचा जबाब घेतला आणि मोठ्यानं सौदा सांगत बाहेर आले. पावसाळ्याचे आणि त्यापुढचे महिने पुण्याला, उन्हाळ्याकडचे महिने इथं. ताईनं बोटांवर मोजलं. “चाचा, हे बारा होत नाहीत. पौष कुठं गेला?”

“पौषाला त्यानं अंगठा दाबलाय,” चाचा म्हणाले.

“म्हणजे?”

“सौदा झाला की दलाल अंगठा दाबतो. म्हंजे माझी दलाली मी बाजूला काढली.” ते टॉवेलात तोंड खुपसून हसत होते. “पौषातली जत्रा. माझ्या पालात ऱ्हाणार म्हणतुया. जत्रंत.”

ताई किंचाळलीच. “या अवस्थेत? उघड्या माळावर?”

“सौदा झालाय, पोरी. मोडायचा आसंल तर आत जा आन् त्याच्या हातात मोड.”

ताई दारापर्यंत गेली आणि परत आली.

पौषात आम्ही पाल चांगलं दुपदरी घेतलं, आत खाट, औषधं, नळ्या, ईश्वरीच्या ओळखीची एक परिचारिका. ताईनं रजा काढली. थंडीत त्यांना काही झालं तर काय, या धास्तीनं मी पहिले दोन दिवस जेवलोही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शीतलनं भरवायचं पातळ जेवण गरम करून डब्यात दिलं आणि मी माळावर गेलो.

पालासमोर माणसांची रांग होती. खिलारांचे मालक, कर्नाटकातले व्यापारी, शर्यतीची जनावरं घेणारी तरणी पोरं, सगळ्यांच्या मनगटात आप्पांच्या कड्याशी जोडलेली कडी. खाट बाहेर उन्हात आणून ठेवली होती. आप्पांच्या हातावर टॉवेल होता, टॉवेलाखाली एका पागोटेवाल्याचा हात, आणि त्या माणसाच्या कपाळाला ऐन थंडीत घाम आलेला होता. चाचा बाजूला उभे राहून रांग आवरत होते.

मी डबा घेऊन पुढं झालो. “चाचा, आप्पांच्या जेवणाची वेळ झाली.”

चाचांनी हातानंच मला मागं सारलं. “थांब जरा. दिसत न्हाई व्हय? कामात हाय त्यो.”

मी रांगेच्या कडेला जाऊन थांबलो.